हिवाळ्यापुरतं थिएटर

धानाची कापणी-मळणी आटोपली की वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांत एखादी बांधी नाटकासाठी राखून ठेवतात. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. गावातली माणसं फावडी-टोपली घेऊन तिथे उतरतात आणि एक लांबट चौकोनी खड्डा खणायला लागतात. खड्ड्याला पुढच्या बाजूला उतार द्यायचा, म्हणजे मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. निघालेली माती पुढच्या टोकाला टाकून, चोपून, तिचा उंच ओटा करायचा. ओटा म्हणजे स्टेज आणि खड्डा म्हणजे प्रेक्षागृह. भोवती कापड ताणलं, एका बाजूला तिकिटाची खिडकी काढली, वर दिवे टांगले की हजारावर माणसं बसतील असं नाट्यगृह तयार होतं. सिमेंट नाही, आर्किटेक्ट नाही आणि कोनशिला तर नाहीच. होळीनंतर नांगर फिरतो आणि पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा धानाची रोवणी होते.

याला झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके, गडचिरोलीतले देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, शिवाय भंडारा आणि गोंदियाचा धानाचा पट्टा, असा तिचा मुलूख. गडचिरोली जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे भामरागड आणि एटापल्लीचं दाट जंगल येतं. नाटकाचा मुलूख मात्र त्याच्या बराच उत्तरेला आहे, जिथे जंगल आणि धानशेती एकमेकांत गुंतलेली आहेत. (जिल्हे आत्ताचे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी तोही चंद्रपूरच होता. आणि १९६४पर्यंत चंद्रपूरही कागदोपत्री 'चांदा' होतं.)

मराठी नाटकाचा इतिहास शाळेत ज्या क्रमाने शिकवतात तो तुम्हाला पाठ असेल. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर'. मग किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, बालगंधर्व. मग मुंबई-पुण्याची नाट्यगृहं, त्यांचे पडदे, त्यांचे शनिवार-रविवार. या इतिहासात झाडीपट्टी बहुतेक वेळा तळटीपेत येते, किंवा 'लोककला' नावाच्या वेगळ्या प्रकरणात ढकलली जाते. याचं एक कारण मला तरी अगदी साधं वाटतं. इमारत असली की तिचा इतिहास लिहिता येतो. उद्घाटनाची तारीख असते, देणगीदाराचं नाव असतं, आग लागली असेल तर तीही नोंदलेली असते. जे थिएटर दर वर्षी खणतात आणि दर वर्षी बुजवतात, त्याची नोंद कुठल्या वहीत करायची?

हे थिएटर हिवाळ्यातच का उभं राहतं, याचं उत्तर शेतीत आहे. हा भाग तळ्यांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे शेकडो तळी बांधली. पुढे मालगुजारी संपल्यावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव चिकटलं आणि सरकारी कागदांवर त्याचं 'मामा तलाव' झालं. तळ्याच्या पाण्यावर धान होतं, पण बहुतेकांचं पीक एकच. दिवाळीच्या आगेमागे धान हाती येतं. काही जण ओलीवर लाखोळी, जवस टाकतात. एरवी होळीपर्यंत हाताला तेवढं काम नसतं, घरात धान असतं आणि धान विकून थोडा पैसाही असतो. वर्षातून एवढेच काही महिने गावाजवळ वेळ आणि पैसा दोन्ही एकदम असतात. नाटकाचा हंगाम भाऊबीजेपासून होळीपर्यंत असण्यामागे एवढंच गणित आहे.

भाऊबीजेला लेकी माहेरी येतात. मग गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रेसारखा एक दिवसाचा बाजार, आणि त्या बाजाराच्या रात्री नाटक. ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पावणे. पावण्यांना जेवण, अंथरूण, आणि रात्री सगळ्यांनी मिळून खड्ड्यात जाऊन बसायचं. पोरीसाठी स्थळ बघायचं असेल तर हीच वेळ. दोन्हीकडची माणसं नाटकाच्या निमित्ताने एका गावात येतात, पोरगा-पोरगी एकमेकांना लांबून बघतात, आणि घरच्या मोठ्यांचं बोलणं चहावर होऊन जातं. झाडीपट्टीत कितीतरी सोयरिकी अशा जुळल्या आहेत. मुंबईत नाटकाला जाणारा माणूस नाटक बघून घरी परततो. इथे नाटकाला आलेला माणूस दोन दिवस कुणाचा तरी पावणा असतो. खर्चाचा हिशेब मांडायचा तर तिकिटापेक्षा घरच्या पावणचाराचा आकडा कितीतरी मोठा निघेल.

हंगामापुरतं रंगस्थळ ही कल्पना तशी एकट्या झाडीपट्टीची नाही. सिमल्यात १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या इंग्रजाच्या लक्षात आलं की टेनिस कोर्टावर राहिलेलं पाणी रात्रीच्या थंडीने गोठतं. त्याने मुद्दाम पाणी सोडून ते गोठवलं आणि तिथे बर्फावरच्या स्केटिंगची रिंक सुरू झाली. ती अजून आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच तिचा हंगाम. उरलेलं वर्ष तिथे बर्फ नसतो. तिकडे थंडीने पाणी गोठावं लागतं, इकडे धान कापून बांधी कोरडी व्हावी लागते. ऋतू बदलला की दोन्हीकडचं रंगस्थळ मोडतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागतं.

स्केटिंगचा विषय निघालाच आहे तर तुमच्या फोनवर कधी ना कधी आलेल्या व्हिडिओंकडे वळू. ऑलिंपिकमधलं फिगर स्केटिंग तुम्ही पाहिलं असेल. स्पर्धेत प्रत्येक उडीला गुण असतात, पंच असतात, चुकलं की गुण कापले जातात. पण स्पर्धा संपली की शेवटी एक वेगळा कार्यक्रम होतो, त्याला गाला किंवा एक्झिबिशन म्हणतात. मोठे दिवे बंद, एकच झोत, आणि गुण नाहीत. स्केटर हवं ते करतात. बॅकफ्लिप घ्या. १९७६ साली अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ती स्पर्धेत मारली आणि त्यानंतर स्पर्धेत तिला बंदी आली, ती थेट २०२४ मध्ये उठली. मधली सगळी वर्षं बॅकफ्लिप बघायची तर ती अशा गुणांविना होणाऱ्या खेळांतच. (फ्रान्सच्या सूर्या बोनालीने १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ती भर स्पर्धेत मारली, तीही एका पायावर उतरून. गुण जाणार हे तिला माहीत होतं.) बर्फावरच्या खेळात नाच आणि संगीत आणण्याचं श्रेय ज्याला देतात तो जॅक्सन हेन्ससुद्धा नाचणारा माणूस होता. १८६०च्या दशकात तो अमेरिकेतून युरोपात गेला आणि व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतलं.

झाडीपट्टीत ही जोडी शंभर टक्के गावठी रूपात सापडते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक.

शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यतींपेक्षा तिचा थाट वेगळा. दोन बैलांची जोडी, मागे हलका छकडा, त्यावर धुरकरी. सरळ पट्टी, कोण किती सेकंदांत पार करतो ते मोजायचं. पटाची जोडी शेतकामाला जुंपत नाहीत. तिचा खुराक वेगळा, तिचं नाव पंचक्रोशीत माहीत. सेकंदाच्या अंशाने बक्षीस हुकतं आणि त्यावरून वाद होतात. दिवसभर लोक पटावर उन्हात उभे असतात आणि संध्याकाळी तेच लोक खड्ड्याकडे वळतात. जिथे घड्याळ होतं, हार-जीत होती, तिथून उठून जिथे काहीच मोजलं जात नाही तिथे. मोठ्या इनामी पटाच्या गावात एकाच रात्री तीन-चार नाटकं लागतात, आणि जीपवर भोंगा लावून प्रत्येक मंडळ आपलंच नाटक कसं बघण्यासारखं आहे ते ओरडून सांगत फिरतं.

मग पटावर कायदा आला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. त्याच्या २२व्या कलमानुसार काही प्राण्यांचं 'प्रदर्शन' करायला किंवा त्यासाठी त्यांना शिकवायला केंद्र सरकार मनाई करू शकतं. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ होते. जुलै २०११ मध्ये त्यात बैल आला. म्हणजे कायद्याच्या भाषेत पटाचा बैल हा प्रयोग करून दाखवणारा प्राणी ठरला, आणि त्याचा प्रयोग बंद झाला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदीची मोहर उठवली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली, ती न्यायालयाने काही दिवसांतच थांबवली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली, तिलाही स्थगिती मिळाली. अखेर १६ डिसेंबर २०२१ला अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

बैलांना टोचणं, शेपट्या पिरगाळणं, दारू पाजणं, याविरुद्ध तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण इथे माझा प्रश्न वेगळा आहे. रात्रीचं नाटक दिवसाच्या पटावर उभं होतं, मग पट गेल्यावर नाटक पडायला हवं होतं. ते पडलं नाही. पट नसतानाही हंगामात गावोगाव खड्डे खणले गेले, कधी मंडईच्या निमित्ताने, कधी जत्रेच्या, कधी नुसतं 'औंदा नाटक करू' म्हणून. पट हे गर्दी जमवायचं एक निमित्त होतं, आणि गावाला निमित्तं शोधायची सवय होती. लोकांना खरं हवं होतं ते पावण्यांचं येणं, आणि रात्रभर एका खड्ड्यात खांद्याला खांदा लावून बसणं.

हे नाटक आलं कुठून? त्याच्या आधी इथे दंडार होती, खडी गंमत होती, भिंगीसोंगं आणि दहाका होते. दंडारीत पुरुषच बाईचा वेश घेतात, गाणं आणि नाच यांच्या मधल्या जागेत कथा सांगतात. खडी गंमत म्हणजे उभ्या-उभ्या केलेला तमाशा. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं. या सगळ्याला पडदा लागत नव्हता. मग मध्यप्रांत-वऱ्हाडात संगीत नाटकं पोचली आणि गावच्या हौशी पोरांनी ती बसवायला सुरुवात केली. हौसेला आश्रय लागतो आणि त्या काळी गावात पैसा असलेला माणूस म्हणजे मालगुजार. १९५०च्या कायद्याने मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली (तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता). आश्रयदात्याची जागा पुढे गावच्या मंडळाने आणि तिकिटाने घेतली असं मी मानतो. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. राज्यं बदलत गेली, धानाचं वेळापत्रक तेच राहिलं.

मग धंदा आला आणि धंद्याला गाव मिळालं वडसा. कागदावर देसाईगंज. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे स्टेशन, अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव. ही लाइन एकेकाळी नॅरोगेज होती. नट, वादक, पडदे, पेटारे सगळं उतरवायला यापेक्षा सोयीची जागा या भागात नव्हती. आज हंगाम तोंडावर आला की वडशात नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचे फलक दिसतात. कुठे दुकानाच्या गाळ्यात, कुठे घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर रंगीत पोस्टर, आत टेबलावर तारखांची वही. गावाचं मंडळ येतं, चार कंपन्यांत चौकशी करतं, नट कोण, नटी कोण, कॉमेडी कोणाची, गाणारा कोण, ते विचारतं आणि तारीख ठरवून बयाणा देतं. नट, वादक, पडदे, दिवे, माइक कंपनीचे. खड्डा, कापड, वीज, तिकीटविक्री गावाची. नफा झाला तर देवळाला किंवा शाळेला, बुडालं तर मंडळाच्या पोरांनी पुढच्या धानावर उधारी फेडायची. नाटक करणं हा इथे गावाने घेतलेला खरोखरीचा आर्थिक धोका असतो.

नटांची गोष्ट ऐका. एकच माणूस आज एका कंपनीच्या नाटकात बाप, उद्या दुसऱ्या कंपनीत खलनायक, परवा तिसरीकडे इन्स्पेक्टर. तालमी मोजक्या, कधी जवळजवळ नाहीत. म्हणून या रंगभूमीचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस दिसत नाही. तो विंगेत पुस्तक घेऊन उभा असतो. प्रॉम्प्टर. तो पुढचं वाक्य फेकतो, नट ते उचलतो आणि वरून लोंबणाऱ्या माइकच्या दिशेने, छातीतून, लांबवर बसलेल्या आजीलाही ऐकू जाईल असं म्हणतो. पुण्या-मुंबईचा समीक्षक याला 'मेलोड्रामा' म्हणेल. म्हणू दे. उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत, लेकरं रडत असताना, पलीकडच्या बांधीतल्या दुसऱ्या नाटकाचा आवाज इकडे येत असताना कुजबुजत अभिनय करून बघावा त्याने. हा अभिनय त्या जागेने घडवलेला आहे.

पूर्वी बायकांची कामं पुरुषच करायचे; मग नागपूरहून आणि इतर शहरांतून नटी येऊ लागल्या, आता इथल्याही आहेत. त्यांचं हंगामातलं आयुष्य म्हणजे रात्री प्रयोग, पहाटे गाडीत झोप, दुपारी पुढचं गाव. सिनेमा-मालिकांतले ओळखीचे चेहरेही हंगामात इकडे येतात, पोस्टरवर त्यांचा फोटो मोठा छापला जातो आणि तिकीट खपतं. पण गाव ज्याच्यासाठी खळखळून हसतं तो बहुधा झाडीबोलीत बोलणारा, आपल्यातलाच कुणीतरी असतो. परशुराम खुणे हे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. त्यांनी हजारोंनी प्रयोग केले. 'सिंहाचा छावा', 'लग्नाची बेडी', 'स्वर्गावर स्वारी', 'एकच प्याला' या त्यांच्या गाजलेल्या नाटकांतल्या काही. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा या रंगभूमीवर आला. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा झाडीपट्टी 'शोधली', जशी ती दर दहाएक वर्षांनी शोधली जाते.

'एकच प्याला'वर थोडं थांबायला हवं. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. दारूने घर कसं बुडतं त्याची गोष्ट. मुंबई-पुण्यात ते आता 'क्लासिक' म्हणून, अधूनमधून, अदबीने होतं. झाडीपट्टीत ते जिवंत राहिलं, कारण इथे त्याचा विषय जिवंत होता. गडचिरोलीत गावोगावच्या बायकांच्या पुढाकाराने मोठं दारूमुक्ती आंदोलन झालं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि २०२१ मध्ये उठली. आता बघा, वडसा गडचिरोलीत, म्हणजे कोरडं. वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर, म्हणजे दारूची दुकानं उघडी. सुधाकर, सिंधू आणि तळीरामाची गोष्ट नदीच्या या काठावर सांगितली तर एक अर्थ होतो आणि त्या काठावर सांगितली तर दुसरा. खड्ड्यात बसलेल्या बाईला सिंधूचं दुःख समजावून सांगायला सूत्रधार लागत नाही. पुढे बसलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं की पुरतं.

सगळंच असं उदात्त नसतं, हेही सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत नाटकाच्या मध्ये रेकॉर्डवरचा नाच घुसला आहे. कथा थांबते, लाल-निळे दिवे लागतात, सिनेमाचं गाणं वाजतं, पुढची पोरं शिट्ट्या मारतात. जुने नट याने हळहळतात. आयोजक म्हणतात, नाच नसेल तर तरुण पोरं तिकीट काढत नाहीत. दोघांचंही बरोबर आहे. तरी ऑर्गन-तबल्यावर नट स्वतः गात असताना खड्ड्यातून 'वन्स मोअर' आला की जी शांतता पसरते, ती रेकॉर्डवर कधी येत नाही. ती ऐकायला शिट्टी मारणारी पोरंसुद्धा गप्प बसतात, एवढं मी पाहिलं आहे.

या थिएटरवर संकटं आली तीही हंगामाच्या हिशेबाने. २०१६ साली भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. आठवड्याने, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. ज्या धंद्यात बयाण्यापासून तिकिटापर्यंत सगळं रोखीत चालतं, त्याचा हंगाम नुकताच उघडला होता. २०२० साली धुळवड १० मार्चला होती, म्हणजे टाळेबंदी लागली तेव्हा तो हंगाम संपलेला होता. घाव पुढच्या हंगामावर बसला. नोव्हेंबर २०२०च्या सुरुवातीला राज्याने नाट्यगृहं निम्म्या आसनक्षमतेने उघडायला परवानगी दिली. खड्ड्याची आसनक्षमता किती? खुर्च्यांच्या दोन-चार ओळी सोडल्या तर बाकी सगळे मातीवर सतरंजी, पोतं, तणस जे मिळेल ते टाकून बसतात. जो सरकतो त्याच्या बाजूला आणखी एक जण मावतो. निम्मं करायला आधी पूर्ण काय ते ठाऊक हवं.

आणि जो नियम दर वर्षी, दर रात्री आड येतो तो आवाजाचा. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सवलत आहे ती बंदिस्त जागांना, म्हणजे प्रेक्षागृह, सभागृह, समाजमंदिर अशा ठिकाणी, आवाज आतल्या आत राहत असेल तर. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. शहरात आजारी माणूस, परीक्षेचं पोर, डीजेची भिंत, हे सगळं आठवलं तर नियमाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. पण झाडीपट्टीत नाटक सुरू व्हायचीच वेळ दहाच्या आसपास. जेवणं, पावण्यांची सोय, बैलांचा चारा-पाणी आटोपल्याशिवाय घर बाहेर पडत नाही. आणि ते संपतं पहाटे, कारण रात्री दोनला परगावचा पावणा जंगलाच्या रस्त्याने जाईल कुठे? उजाडेपर्यंत त्याला बसवून ठेवणं हाही नाटकाच्या लांबीचा हेतू आहे. कापडाच्या भिंती असलेलं थिएटर नियमाच्या लेखी बंदिस्त नाही. शहरातल्या नाट्यगृहाला जे आपोआप मिळतं, ते या मंडळाला ठाणेदाराच्या मर्जीवर मागावं लागतं. तंबी मिळाली की भोंगा हळू होतो, आणि भोंगा हळू झाला की मागच्या आजीला सिंधू ऐकू येत नाही.

झाडीपट्टीत पक्कं नाट्यगृह बांधून द्या, ही मागणी अधूनमधून होते. एखादं झालं तर वाईट नाही. तालमीला, शिबिराला, पावसाळ्यात उपयोग होईल. पण एका गावात बांधलेलं नाट्यगृह बाकीच्या गावांचं काय करणार? इथे नाटक गावात येतं, गाव नाटकाला जात नाही. मला विचाराल तर आधी नियमाच्या व्याख्येत दोन शब्द वाढवावेत, हंगामी नाट्यगृह. आणि रात्री-अपरात्री जीपमधून फिरणाऱ्या नट-वादकांना अपघाताचा विमा मिळावा. दोन्हीला सिमेंट लागत नाही.

तुम्हाला बघायचं असेल तर वडसा स्टेशनला उतरा. दिवाळीनंतरचा कुठलाही आठवडा चालेल, डिसेंबर-जानेवारी उत्तम. चहाच्या टपरीवर विचारा आज कुठे नाटक आहे. कुणीतरी किमान दोन गावांची नावं सांगेल आणि दोन्हींपैकी चांगलं कोणतं यावर टपरीवर वाद होईल. सोबत जाड चादर आणि कानटोपी घ्या. पहाटे धुकं खाली येतं आणि खड्ड्यातली थंडी वरच्यापेक्षा जास्त असते. फोन खिशात ठेवला तरी चालेल, पुढच्या रांगेतली पोरं शूट करतच असतात. आणि तिकीट खुर्चीचं घेऊ नका, जमिनीचं घ्या. बाजूची बाई सरकून जागा देईल आणि विचारेल, कोणाकडे आलात?